खुशालरावांची दुर्बिणीची बंदूक

"जरा हळू लाव वं."

"भुवई फुटली तुमची, मी काय करू? बंदूक अशी मालकालेच मारते काय?"

मनकर्णाबाई हळदीचा लेप लावत होत्या आणि खुशालराव डोळा मिटून बसले होते. अमेरिकेतल्या लढाईमुळे कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा गावात कोणी बायकोला तोडे केले, कोणी बैलांच्या शिंगांना चांदी चढवली. खुशालरावांनी अमरावतीत, विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाची बंदूक घेतली. नळीवर पितळेची लांब दुर्बीण बसवलेली. लोकांना ती नुसती हौस वाटली. पण रानडुकरं ज्वारीत शिरली की गाव खुशालरावांनाच हाक मारायचं, आणि अलीकडे शेताच्या धुऱ्यापलीकडचं डुक्कर कोणतं अन् दगड कोणता, हेच त्यांना कळेनासं झालं होतं. ही गोष्ट त्यांनी कुणाजवळ काढली नव्हती. दुर्बिणीला डोळा लावला की मात्र डुकराच्या पाठीवरचे राठ केससुद्धा दिसत.

फक्त बंदूक दांडगी होती. पहिल्याच बाराला तिनं खांद्यावर अशी लाथ मारली की दुर्बीण निखळून भुवईवर आली.

अचलपूरच्या अब्दुल गफ्फार मिस्त्रींनी जाड पितळी कड्या ठोकून ती पक्की बसवली. पुढच्या बाराला दुर्बीण जागची हलली नाही, पण आतली काच सुटली आणि तिचा खुळखुळा झाला. गफ्फारमियांनी काच लाखेनं चिकटवली.

"अब मजबूत झाली ना?" खुशालरावांनी विचारलं.

"राव, मी दुर्बीण मजबूत करतो, तुमची बंदूक तिच्याहून मजबूत निघते. मी तरी किती ठोकू?"

तिसऱ्या खेपेला काच टिकली, पण धक्क्यानं कड्या किंचित सरकल्या. दिसेल न दिसेल इतक्याच. दुसऱ्या दिवशी सकाळी खुशालरावांनी डुकरावर नेम धरला आणि गोळी शेजारच्या नत्थुजींच्या मचाणावरच्या पाण्याच्या मडक्यात गेली. मडक्याला टेकून नत्थुजी बसले होते.

"खुशालराव, मी काय डुक्कर दिसून राहिलो काय तुमाले?" भिजलेले नत्थुजी ओरडले.

गाव पोट धरून हसलं. खुशालरावही हसले. घरी आल्यावर मात्र त्यांना भाकर गेली नाही.

"एक वीत इकडं आली असती त, मनकर्णे..." एवढंच ते बोलले.

बंदूक सोडा असं मनकर्णाबाईंनी म्हटलं असतं, तर उद्यापासून हा माणूस ओसरीवर बसून राहिला असता, हे त्यांना माहीत होतं. "आणा इकडं," त्या म्हणाल्या, "तुमच्या हातून बारूद सांडते. आता बार मीच भरत जाईन."

गफ्फारमियांनी कड्या पुन्हा आवळल्या, आणि नवल म्हणजे त्यानंतर दुर्बीण जागची हलेना. रोज सकाळी बार निघे, डुकरं पार नाल्यापलीकडे पळत, काच शाबूत राही. गावानं गफ्फारमियांच्या हाताची तारीफ केली. नत्थुजींना तेवढी शंका होती.

"डुक्कर मेलं कुठं पण?"

"ज्वारी खाल्ली काय त्यानं?" लोक उलट विचारत.

"नाही."

"मंग?"

पण आता खुशालरावांचा खांदाही दुखत नव्हता, आणि ते त्यांना खटकत होतं. एका सकाळी मनकर्णाबाई विहिरीवर गेल्या असताना त्यांनी शिशाच्या गोळ्यांची थैली हातात तोलून पाहिली. इतके बार झाले, तरी थैली पहिल्यासारखीच जड होती. आधी त्यांना राग आला. मग भिजलेले नत्थुजी डोळ्यांपुढे आले, आणि राग कुठं ठेवावा ते कळेना. त्यांनी थैली होती तशी खुंटीला लावली.

दुसऱ्या दिवशी मनकर्णाबाई पाठमोऱ्या बसून बार भरत होत्या. खुशालराव मागे येऊन उभे राहिले. मनकर्णाबाईंचा हात थबकला.

"बारूद बी थोडी कमीच टाकत जा," खुशालराव म्हणाले. "डुकरीनीसंगं पिल्लं हायेत. लय दचकतात."