पलंगाखालच्या सात्या

रुखमाबाईंच्या मागच्या खोलीत, दादाजींच्या सागवानी पलंगाखाली, आषाढात सात्या उगवल्या. सात्या म्हणजे वारुळाच्या मातीतून वर येणाऱ्या पांढऱ्या अळिंब्या. चामोर्शीच्या बाजारात त्या टोपलीतून खाली उतरायच्या आत संपतात. रुखमाबाईंचे यजमान दादाजी होते तेव्हा ते रानात वारुळं हुडकत जायचे आणि लहानगा मुलगा धनराज त्यांच्या खांद्यावर असायचा. आता सात्याच घरात चालून आल्या होत्या. शेजारचा देवाजी त्या बघून गेला नाही, बघत उभा राहिला.

"बाई, सात्या आल्या म्हंजे खाली उधई हाये. आता तुमी भाजी खासाल, मंग ते घर खाईन."

"मले मालूम हाये," म्हणत रुखमाबाईंनी चंद्रपूरला मुलाला फोन लावला.

धनराज दिवाळीला आला नव्हता. बाबांच्या वर्षश्राद्धालाही त्याला सुटी मिळाली नव्हती. सात्यांसाठी मात्र तो दुसऱ्याच दिवशी हजर झाला, दोन्ही वेळा पोटभर जेवला आणि उरलेल्या भाजीचा डबा साहेबांसाठी घेऊन गेला. त्याची बदली साहेबांच्या हातात होती.

तेव्हापासून रुखमाबाईंनी त्या खोलीत झाडू मारणं सोडलं. उधईच्या, म्हणजे वाळवीच्या, मातीच्या बारीक नळ्या भिंतीवरून दाराच्या चौकटीला पोचल्या, चौकटीवरून आढ्याला. देवाजीनं औषध आणून दिलं, ते त्यांनी गोठ्यात नेऊन ठेवलं.

"मारा न त्याहीले."

"त्याहीच्या पायी पोरगा येते, देवाजी."

"तुमच्या पायी नाई येत?"

"येते न. कोणाच्या पायी येते, ते कायले पाहू."

पुढच्या पावसाळ्यात सात्या पुन्हा आल्या आणि धनराजबरोबर त्याची बायको उर्वशी आणि खुद्द साहेबही आले. साहेब झालेल्या माणसाला सगळंच ओळखता येतं. उर्वशीनं भिंतीवरची नळी दाखवली, तर ते म्हणाले, "कुंभारमाशीचं घर. निरुपद्रवी." खिडकीत गळून पडलेले पंख दिसले, ते पावसाळी पाखरांचे ठरले. चौकटीवरचे डाग म्हणजे ओलीची बुरशी, ऊन पडलं की जाईल.

"आणि हा पलंग? सागवान ना?"

"आलापल्लीचं," रुखमाबाई म्हणाल्या. "यायनं आमच्या लग्नाच्या साली करवला."

"मग याला शंभर वर्षं काही होत नाही." साहेब ताट घेऊन पलंगाकडे वळले.

रुखमाबाईंनी तोंड उघडलं. पण खरं सांगितलं असतं तर औषध आलं असतं, आणि सात्या गेल्या असत्या.

"साहेब, पाटावर बसा न," एवढंच त्या म्हणाल्या.

"इथेच बरं आहे."

मोठा आवाजही झाला नाही. पापड मोडावा तसा पलंग मोडला. वरून लाकूड होतं, आत नुसती माती. साहेब जमिनीवर, ताट पोटावर, आणि पांढरे किडे सदऱ्याच्या बाहीत. अंगणात जाऊन त्यांनी सदरा झटकला, तेव्हा कुंभारमाशीबद्दल त्यांना कोणी काही विचारलं नाही.

"माय, तुले मालूम होतं?" धनराजनं दात आवळून विचारलं.

"हाव."

"मंग बोलली काऊन नाई?"

रुखमाबाईंकडे उत्तर होतं. पण उर्वशी ऐकत होती. "आणखी भाजी वाढू का?" त्यांनी विचारलं.

धनराज आठवडाभर घरी राहिला. माणसं बोलावली, जमिनीला भोकं पाडून औषध ओतलं, खोलीत फरशी बसवली, लोखंडी पलंग आणला. लग्नानंतर तो इतके दिवस कधी राहिला नव्हता. रुखमाबाईंनी रोज वेगळी भाजी केली. तो फोनवर बोलत जेवला.

"आता तुले काई टेन्शन नाई, माय," जाताना तो म्हणाला.

पुढचा आषाढ सरत आला तेव्हा त्याचा फोन आला.

"सात्या आल्या का?"

"नाई."

"म्हंजे औषध पक्कं हाये." त्याला बरं वाटलं.

"तू कधी येतं?"

"पाहू न. दिवाळीले जमलं त."

दुसऱ्या दिवशी देवाजीनं पाहिलं, रुखमाबाई बांधावरच्या वारुळाचं ओलं ढेकूळ घमेल्यात घेऊन येत होत्या. ढेकळात पांढरे किडे वळवळत होते. फरशी संपते तिथे, भिंतीच्या कडेला त्यांनी खड्डा खणून ठेवला होता.

"हे काय करून राह्यल्या, बाई?"

"पेरून राह्यली."

ढेकूळ खड्ड्यात गेलं. मग त्यांनी पदराखालून लाकडाचा एक पाय काढला. मोडलेल्या पलंगाचा तेवढाच शाबूत राहिला होता. तो त्यांनी मातीत उभा रोवला.

"हा त दादाजीच्या पलंगाचा हाये," देवाजी म्हणाला. "हा तरी राहू द्या."

"राहू देऊन कोणासाठी?" रुखमाबाई हातानं माती दाबत राहिल्या. "घरचं खायाले भेटलं म्हंजे लवकर येतीन."