आबांचा दुसरा माठ

आमच्या शेजारचे आबा पाणी चावून पितात. थट्टा नाही करत मी. घोट तोंडात घेतला की त्यांचे डोळे मिटतात, जबडा तीन-चारदा हलतो, मान जरा डावीकडं कलते आणि मग घोट खाली उतरतो. लगेच निकाल. "आज पावडर सढळ हातानं पडलीया." नाहीतर, "वर कुटंतरी पाऊस झाला बगा, नदीला माती आलीया." आम्ही सकाळी पेपर वाचतो, आबा पाणी वाचतात. पेपरपेक्षा त्यांच्या बातम्या खऱ्या निघतात, असं निदान त्यांचं तरी म्हणणं आहे.

सांगलीत विश्रामबागेत आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. आबा मूळचे कडेगावकडचे. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी पाणीपुरवठ्यात चावीवाले म्हणून काढली. म्हणजे पहाटे उठायचं, छातीएवढी लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकायची, सायकलवरून गल्लोगल्ली जायचं, रस्त्यातलं झाकण उघडून चावी फिरवायची आणि पाणी सोडायचं. आबांनी चावी फिरवली की इकडं घराघरांत हंडे खणखणायला लागायचे. निवृत्त होताना सगळे लोक शाल-श्रीफळ घेऊन घरी जातात, आबा मोडीत निघालेली आपली जुनी चावी मागून घेऊन आले. ती त्यांच्या दाराआड उभी असते. खंडेनवमीला लोक हत्यारं पुजतात, गाड्या पुजतात. आबा चावीला हळदकुंकू वाहतात, झेंडूचा हार घालतात आणि मला हाक मारतात. "मॅडम, पाया पडून जावा. हिच्या जिवावर तुमी न्हालायसा."

मी ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. त्यामुळं मी काहीही बोलले की आबांना ते आव्हान वाटतं. आमच्या स्वयंपाकघरात भिंतीला पाणी शुद्ध करायचं मशीन आहे. आबा त्याच्याकडं असे बघतात जसं काही मी घरात मगर पाळली आहे. "मशिनीचं पानी म्हंजे धुतल्यालं पानी," ते म्हणतात. "पान्यानं धुयाचं असतंय. पानी कुनी धुतं व्हय?" उकळलेल्या पाण्याला ते 'ताप आल्यालं पानी' म्हणतात. आणि बाटलीतल्या पाण्यासाठी त्यांच्याकडं एकच शब्द आहे, 'कोंडल्यालं'. हा शब्द उच्चारताना ते आवाज खाली आणतात. तुरुंगातल्या नातेवाइकाबद्दल बोलावं तसं.

त्यांचा दुसरा नियम, कालचं पाणी आज प्यायचं नाही. नळाला पाणी आलं की ते माठ उपडा करून जास्वंदीच्या बुडाशी ओततात, माठ काथ्यानं घासतात आणि ताजं भरतात. काकू गेल्यापासून घरात आबा एकटेच. एवढा मोठा माठ एकट्याला कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. "कोन आलं-गेलं तर?" ते म्हणाले. त्यांच्याकडं येणारी-जाणारी मुख्यतः मीच.

आबांची कीर्ती गल्लीबाहेर पोचली ती त्यांच्या पुतण्याच्या लग्नात. लग्न कडेगावला, शेजारी म्हणून आम्हीही गेलो होतो. पंगतीत प्रत्येक पानापाशी वीतभर उंचीची पाण्याची बाटली ठेवलेली. लोक दोन घोट घेत, बाटली तिथंच टाकून उठत आणि हात धुवायला जाताना दुसरी उघडत. आबा बराच वेळ बघत राहिले. मग पिशवी घेऊन उठले. पहिली पंगत उठली तशी त्यांनी अर्धवट बाटल्या गोळा केल्या आणि मांडवाशेजारच्या चिंचेला एकेक उघडून पाजायला सुरुवात केली. वाढपी धावत आले, नवऱ्या मुलाचा बाप म्हणजे आबांचा सख्खा धाकटा भाऊ धावत आला. "आवं आण्णा, लोक काय म्हनत्याली!" आबा शांतपणे म्हणाले, "पानात भात टाकला तर तू आरडतुयास. पानी टाकलं तर का न्हाई आरडत?" शेवटच्या पंगतीत आबा स्वतः जग घेऊन वाढत होते आणि मंडळी मुकाट्यानं पेले पुढं करत होती.

अशा माणसाची परीक्षा घ्यायची हुक्की रसायनशास्त्राच्या बाईला येणारच. एका रविवारी मी त्यांच्यापुढं तीन पेले ठेवले. एकात नळाचं, एकात मशीनचं, एकात दुकानातल्या बाटलीचं. आबांनी बाह्या सारल्या. पहिला पेला चावला, दुसरा चावला, तिसरा चावला. मग तिसऱ्यावर हात ठेवून भरल्या आवाजात म्हणाले, "ही आपली किस्नामाई."

तिसरा पेला बाटलीचा होता.

मला हसू आवरलं नाही, हे माझं चुकलंच. आबांनी पेला उचलून उजेडात धरला. "काचंत दिलंसा," ते म्हणाले. "काचंत चव कळती व्हय? तांब्याचं भांडं पायजे." आणि उठून गेले. दोन दिवस आमच्याकडं फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी कुंपणावरून आवाज आला, "मॅडम, पानी आलंय, भरून घ्या," आणि मी समजले की मला माफी मिळाली.

हे सगळं हसण्यावारी जायचं. एका गोष्टीवर मात्र आबा हसत नसत. ती गोष्ट म्हणजे त्यांची नात, ओवी.

ओवी सात वर्षांची. आबांचा मुलगा संदीप, सून पल्लवी आणि ही, तिघं पुण्याला असतात आणि मे महिन्यात आठ दिवस सांगलीला येतात. तीन वर्षांपूर्वी आली तेव्हा ओवीचं पोट बिघडलं. आदल्या दिवशी तिनं बर्फाचे तीन गोळे खाल्ले होते, काला खट्टा, ऑरेंज आणि पुन्हा काला खट्टा. पण खापर फुटलं पाण्यावर. पुण्याला परतल्यावर डॉक्टरांनी काही दिवस जपायला सांगितलं आणि तेव्हापासून ती मंडळी यायची ती गाडीत बाटल्यांचं खोकं घेऊनच. सांगलीच्या वाटेवर घाटाखालचं खंडाळा लागतं, तिथं चहाला थांबायचं आणि तिथंच खोकं घ्यायचं, हा त्यांचा रिवाज झाला.

"खंडाळ्यापासनं हितपत्तूर पानी आडवं निजवून आनत्यात," आबा मला सांगत. "उनात. गाडीत. कोंडून." इथवर मी हसत असे. मग ते जास्वंदीकडं बघत म्हणत, "मॅडम, आमच्याकडं भांडान झालं की मानूस घरचं पानी पीत न्हाई. भावाभावांत वाटनी झाली, कोर्टकचेरी झाली, की दारात यील, बसंल, पर पानी नगं म्हनंल. आता तुमीच सांगा, त्या पोरीचं आन माजं काय भांडान हाय?"

मी त्यांना जंतूंबद्दल, क्लोरीनबद्दल, मुलांच्या पोटाबद्दल सांगू शकले असते. सांगितलंही होतं, दोनदा. पण ह्या प्रश्नाला माझ्या विषयात उत्तर नाही.

यंदाच्या मे महिन्यात कॉलेजच्या कार्यक्रमासाठी पाण्याचे जार सांगायला मी मिरज रस्त्याच्या बाजूला गेले होते. जार भरून देतात त्या दुकानासमोर एक ओळखीची सायकल दिसली. कॅरिअरला सायकलच्या ट्यूबनं काहीतरी गच्च आवळलेलं, वरून पोतं झाकलेलं. शेजारी आबा. मला बघितल्यावर ते सायकलसकट वळायला लागले, पण वीस लिटरचं ओझं काही चटकन वळत नाही.

"आबा, पोत्यात काय?"

"पेंड."

"कुणाला?"

"म्हशीला."

"आबा, तुमच्याकडं म्हैस कुठं आहे?"

आबांनी इकडंतिकडं बघितलं. म्हैस कुठं मिळते का ते बघावं तसं. मग सायकल झाडाला टेकवली आणि खालच्या आवाजात म्हणाले, "कोंडल्यालं हाय."

लग्नाच्या मांडवात बाटल्या रित्या करणारा माणूस उन्हात जार ढकलत चालला होता.

"शुक्रवारी ओवी यायलीय," ते म्हणाले. "ह्येच पानी माठात घालतो. तिनं माज्या माठातलं, माज्या हातनं एक तांब्या पानी पिलं म्हंजे झालं. पानी कुटलं का आसंना." मग एकदम अजीजीनं, "सूनबाईला तुमी सांगाल का? तिला कळायला पायजे, पोरीच्या जिवाचा परश्न हाय. पर मला न्हाई जमायचं बगा. सगळ्या गल्लीत वरडून सांगितलंय, मी सोता कदी कोंडल्यालं इकत आननार न्हाई म्हनून."

"सांगते," मी म्हटलं. "पण आबा, तुमच्या माठात हे...?"

"त्या माठात न्हाई!" ते दचकून म्हणाले. "त्येला काय सांगू? दुसरा घिटलाय. बारका."

शुक्रवारी मंडळी आली. खोकं उतरलं. मी पल्लवीला आमच्या स्वयंपाकघरात बोलावून सगळं सांगितलं, पोत्यासकट आणि म्हशीसकट. ती आधी हसली. मग ओट्याला टेकली. "डॉक्टरांनी फक्त आठवडाभर सांगितलं होतं हो," ती म्हणाली. "नंतर सवयच लागली. बाबा कधी काही बोललेच नाहीत मला." बोलले होते. पण ते मला, आणि चिंचेला, आणि सगळ्या गल्लीला. सुनेला दुखेल म्हणून तिच्यापुढं एक अक्षर काढलं नव्हतं.

संध्याकाळी ओवी अंगणात खेळून लालबुंद होऊन आली. "मम्मा, पाणी!" पल्लवी जागची हलली नाही. म्हणाली, "आबांकडं माग."

आबा तांब्याचा पेला भरून आले. पेला इतका काठोकाठ होता की पायरीपर्यंत ओली रेघ उमटली. ओवीनं पेल्यात बघितलं, मग आबांकडं बघितलं. "आबा, हे बाटलीतलं आहे का?"

आबा जन्मात खोटं बोललेले नाहीत. म्हशीची गोष्ट सोडली तर.

"माठातलं हाय," आबा म्हणाले.

ओवीनं घोट घेतला. डोळे मिटले. तिचा चिमुकला जबडा तीन-चारदा हलला, मान डावीकडं कलली. मग घोट गिळून तिनं गंभीरपणे निकाल दिला, "आज पाणी बरं आहे."

म्हणजे दर मे महिन्यात ही पोरगी आपली बाटली हातात धरून आजोबांना बघत होती तर. आबांनी तोंड फिरवलं आणि चष्मा पुसायला लागले. पल्लवीला त्यांनी नंतर एवढंच विचारलं, "पोरगी आनखी पील का गं?" ओवी त्या आठ दिवसांत दुसऱ्या कशातलं पाणी प्यायली नाही. खोकं तसंच राहिलं आणि जाताना संदीपनं ते आमच्या कॉलेजच्या कार्यक्रमाला देऊन टाकलं.

मंडळी गेल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी सकाळी कुंपणापाशी गेले. मोठा माठ घासून उपडा ठेवलेला, जास्वंद न्हालेली. बारका माठ मात्र भरलेलाच होता. आबा त्यातलं अर्धा पेला पाणी घेऊन पायरीवर बसले होते.

"आबा, हे ओतलं नाही? शिळं झालं की. आणि वर कोंडलेलं."

त्यांनी घोट चावला, सावकाश गिळला. "कोंडल्यालं न्हाई मॅडम. ओवीचं हाय," ते म्हणाले. "जारचं शिल्लक हुतं त्ये समदं ह्यात घाटलंय. रोज आर्धा पेला पितो. घर लय गप झालंया हो. येवडं पिलं की सकाळ बरी जाती. दिवाळीला येतो म्हनलीया ती, तवर पुरवायचंय."

माठातलं पाणी पाझरतं, बाहेरून हवेत उडून जातं आणि म्हणूनच आतलं गार राहतं, हे मी दरवर्षी अकरावीला शिकवते. फळ्यावर आकृतीसुद्धा काढते. आबांना मी ते सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात आबा दोन दिवस कडेगावला गेले, जास्वंद सांभाळायला घराची किल्ली माझ्याकडं देऊन. मी बारक्या माठाचं झाकण काढलं. तळाशी जेमतेम चार बोटं पाणी. ते काही मी टाकलं नाही. त्या सकाळी आलेलं नळाचं पाणी उकळलं, गार केलं आणि आबा गेले तेव्हा पाणी जिथवर होतं त्या आतल्या ओल्या खुणेपर्यंत अगदी हळू भरलं.

आबा परतले ते पिशवी खाली ठेवायच्या आधी माठाकडं गेले. पेला बुडवला, घोट घेतला. डोळे मिटले, जबडा हलायला लागला. मी कुंपणाशी उभी राहून तुळशीचं एक सुकलेलं पान उगाचच खुडत होते.

"मॅडम," आबांनी हाक मारली. त्यांचा चेहरा खुलला होता. "ओवीचं पानी बगा. जरा सुदीक चव मोडली न्हाई."

"व्हय आबा," मी म्हटलं. "दिवाळीपर्यंत पुरेल."