शून्यापासून महिने

"दहा मिनिटांचं काम आहे, ताई," असं धाकटा म्हणाला, तेव्हाच तिनं सावध व्हायला हवं होतं. ताई दातांची डॉक्टर. दवाखाना नवा, म्हणून पेशंटांना तारखेची आठवण करून देणारे मेसेज पाठवायचे होते. धाकटा प्रोग्रामर. त्यानं जावास्क्रिप्टमध्ये प्रोग्राम लिहिला, मे महिन्याची यादी भरली, मेसेज सोडले आणि ऐटीत चहा मागितला.

मे उजाडला आणि दवाखान्यात चिटपाखरू फिरकेना. चौथ्या दिवशी गाल सुजलेले एक मास्तर आले.

"डॉक्टर, तुम्ही जूनची तारीख कळवलीत, पण तोवर दम निघेना हो."

बाकी कुणीच तक्रार केली नव्हती. दात काढायचा दिवस महिनाभर पुढे गेला, तर भांडायला कोण येतं?

धाकट्यानं कोड उघडला आणि कपाळाला हात लावला. "जावास्क्रिप्ट महिने शून्यापासून मोजते. जानेवारी शून्य. मी मेसाठी पाच लिहिलं, तिनं जून धरला."

"आणि तारखा?"

"त्या एकपासून."

"असं का?"

"ते कुणी विचारत नाही, ताई."

त्यानं कोडमध्ये महिन्याच्या आकड्यातून एक वजा केला. ताईनं मेच्या पेशंटांना फोन करकरून बोलावलं. काउंटरवरच्या मावशी हे सगळं कान देऊन ऐकत होत्या. बाई कामाला चोख. जूनची यादी भरताना त्यांनी सहाच्या जागी आपणहून पाच लिहिलं. कोडनं पाच म्हणजे मे धरला आणि तसे मेसेज गेले.

झालं. बारा तारखेला मेचे आणि जूनचे पेशंट एकदमच दारात. खुर्च्या सहा, माणसं एकोणीस. एक आजोबा तर तपासणीच्या खुर्चीवरच जाऊन बसले आणि उठेनात.

"मी आपला तुमचाच एक वजा केला," मावशी रडवेल्या होऊन म्हणाल्या.

"मावशी, चूक माझीच," धाकटा म्हणाला आणि शेजारच्या शिंप्याकडून स्टुलं आणायला धावला. संध्याकाळपर्यंत ताईनं सगळ्यांचे दात पाहिले. धाकट्यानं सगळ्यांची माफी मागितली.

शेवटचा पेशंट गेल्यावर हातमोजे काढत ताईनं विचारलं, "तू ऑफिसात नेमकं काय करतोस रे?"

"विमानांची वेळापत्रकं."

ताईनं फोन उचलला आणि सुट्टीची विमानाची तिकिटं रद्द करून रेल्वेची काढली.