थोडं अ‍ॅडजस्ट करा

आमचे शेजारी मारोतराव रिकामी जागा दिसली की बेचैन होतात. जन्मभर वर्धा-पवनार बसवर कंडक्टर होते. तिघांच्या सीटवर चौथा बसवायचा आणि म्हणायचं, "थोडं अ‍ॅडजस्ट करा न भाऊ." इंग्रजीतला तेवढाच शब्द त्यांच्याजवळ. मी चौथी शिकलेला, मी आपलं 'सरक तिकडं' म्हणतो. अर्थ तोच. पण त्यांच्या बोलण्यावर लोक हसून सरकायचे, माझ्यावर गुरकावतात.

रिटायर झाले तरी सवय गेली नाई. लग्नाच्या पंगतीत दोघांच्या मधात तिसरं ताट घुसवतात. डॉक्टरनं गोड बंद केलं, तर त्याले म्हणे, "एक जिलेबी अ‍ॅडजस्ट करा न साहेब." बाजेवर झोपलेल्या मांजरीलेही तेच सांगतात, आणि मांजर सरकते. मी पाह्यलं आहे.

खरं सांगतो, मी या माणसावर जळतो. कारण माझी बायको, शांता. आमच्या अंगणात दोघांपुरता बाक आहे. रोज चार वाजता आम्ही चहा घेऊन बसलो की मारोतराव हजर. "वहिनी, थोडं अ‍ॅडजस्ट करा." ती पदर तोंडाले लावून हसायची आणि माझ्याकडं सरकायची. चाळीस वर्षांत माझ्या एकाही शब्दाले तशी हसली नाई.

एकदा विचारलं, "काऊन हसतं वं एवढी?"

"तुम्ही बोलून पाहा न तसं," म्हणे.

मी नाई बोललो. त्यांचा शब्द मी काऊन घेऊ?

मागच्या उन्हाळ्यात शांता गेली. मारोतराव अजून चारले येतात. बाकाच्या पार टोकाले, अर्धे बाहेर लटकून बसतात. तो शब्द काढत नाईत.

परवा पुलगावहून माझा साळा आला. आम्हा दोघांच्या मधात बसाले लागला, तसे मारोतराव कप घेऊन उभे राह्यले.

"माझ्या जागेवर बसा. तिथं नाई."

"काऊन? एवढी जागा तर आहे."

"तिथं अ‍ॅडजस्ट होत नाई."

चहा संपेपर्यंत उभेच. मी आतून पेटलो. माझी बायको, तिच्या जागेसाठी मी बोलाले पायजे होतं. तेही यांनीच बोलून टाकलं.

साळा गेल्यावर ते पुन्हा तसेच टोकाले टेकले. माझ्याच्यानं पाहवलं नाई. जन्मात पहिल्यांदा तो शब्द तोंडातून काढला. "मारोतराव, पडसान. इकडं थोडं अ‍ॅडजस्ट करा न."

ते हलले नाईत. कपात पाहत म्हणाले, "राहू द्या. वहिनीले दाटी होईन."