गोंदूच्या फटफटीची कडकड

आमचा शेजारी गोंदू परब बिघाड बघत नाही, ऐकतो. स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला, टोक समोरच्या वस्तूला. इंजिनं अशीच तपासतात हे कबूल. पण ह्याने चाळीचा नळ तपासला, माझं घड्याळ तपासलं, आणि एका दुपारी घोरत पडलेल्या माझ्या सासऱ्यांच्या बरगडीलाही टोक लावलं. "व्हॉल्व्ह नीट मिटत नाहीत," म्हणाला. सासरे तेव्हापासून आमच्याकडे आलेले नाहीत.

गोंदू लालबागच्या एका गिरणीत फिटर. लग्न केलं नाही. घरी तो आणि मोतीबिंदूने अधू झालेली आई, खाली फटफटी. तिच्यात त्याने भंगारातला, शर्यतीच्या गाडीचा कॅम बसवला होता. हा कॅम इंजिनाच्या झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह, झटकन उघडायचा, पण जुन्या मऊ स्प्रिंगांना ते वेळेवर मिटवणं जमायचं नाही. त्यामुळे वेग कमी आणि कडकड फार. गाडी भोईवाड्याहून वळली की इथे आमच्या कपबशा वाजायच्या. त्याची आई म्हणायची, "गोंद्या इलो," आणि चहाचं आधण ठेवायची.

"जोडी जमली पाहिजे रे," हे गोंदूचं पालुपद. दुसऱ्यांची लग्नं त्याने ह्यावरच निकालात काढली. मराठी-गुजराती द्वैभाषिक राज्यसुद्धा. "दोन गाड्यांचे पार्ट एका इंजिनात कोंबलेत. वाजणारच." सभेतल्या तासाभराच्या भाषणापेक्षा मला हे लवकर समजलं.

स्वतःची जोडी मात्र जमेना. लॉरीच्या स्प्रिंगा घातल्या, तर त्या इतक्या कडक की आतली दांडीच वाकली. मग दोष पेट्रोलचा, म्युनिसिपाल्टीच्या रस्त्याचा, माझ्या नजरेचा. रविवारी उपनगरातल्या धावपट्टीवर शर्यत होती आणि हा गिरणीभर सांगून बसला होता की पहिला येणार.

शुक्रवारी नेमक्या मापाच्या स्प्रिंगा मिळाल्या. शनिवारी बसवून तो फेरी मारायला गेला. तेवढ्यात परळला गोळीबार झाल्याची बातमी आली. म्हातारी गॅलरीचा कठडा धरून उभी राहिली ती हलेचना.

संध्याकाळी गोंदू आला. गाडीचा आवाज असा गोड की कुणाला पत्ताच लागला नाही. मी म्हटलं, "आजी, आला हो तो, खाली उभा आहे."

"माका फसवू नको. गाडी खंय वाजली?"

तो वर आला. तिने त्याचं तोंड, खांदे, हात चाचपून पाहिले.  रात्री गोंदू हत्यारं घेऊन खाली उतरला.

रविवारी तो शेवटून पहिला आला. सोमवारी गिरणीतलं त्याचं अख्खं खातं त्याला हसलं. "स्प्रिंग तुटली," म्हणाला.

तुटली कसली. पुढे एकदा आजीकडे बसलो असताना, त्याच्या फळीवर बिस्किटाच्या डब्यात मी त्या नव्या स्प्रिंगा पाहिल्या, तेल लावून कापडात गुंडाळलेल्या, अखंड. मी डबा होता तसा लावून टाकला.

इतक्यात कपबशा वाजल्या. म्हातारी उठून चुलीकडे गेली.