वायपर हलले की डावीकडे

माझ्या बायकोची गाडी दुरुस्त करायचं मी ज्या दिवशी ठरवलं, त्या दिवशी गाडीला नवीन काहीच झालेलं नव्हतं. जे व्हायचं ते कित्येक वर्षांपूर्वी होऊन गेलं होतं, आणि गावाने ते पदरात घेतलं होतं.

ऑड्रीची गाडी तिच्या वडिलांची. वय आमच्या लग्नापेक्षा थोडं जास्त, तब्येत आमच्या लग्नापेक्षा थोडी बरी. फक्त तिच्यातल्या विजेचं डोकं फिरलेलं होतं. डावीकडचा इंडिकेटर दिला की दिवा लागायचा नाही, समोरच्या काचेवरचे वायपर मात्र दोनदा फरफर फिरायचे. ब्रेक दाबला की मागचे लाल दिवे गप्प आणि हॉर्न वाजायचा. फार मोठ्याने नाही, आपण चुकून पायावर पाय दिला तर सभ्य माणूस जेवढा ओरडेल तेवढाच.

दुसऱ्या कुठल्या गावात ही गाडी आठवडाभरही टिकली नसती. पण आमच्या टॉलीज वेलला पाऊस वर्षातून दोन-तीनदा येतो, तोही रस्ता चुकल्यासारखा. त्यामुळे रखरखीत उन्हात वायपर हलले की ऑड्री डावीकडे वळणार, हे गहू नेणाऱ्या ट्रकवाल्यांपासून पाद्रीबाबांपर्यंत सगळ्यांना पाठ होतं. मागून येणारा माणूस तिच्या गाडीच्या दोन्ही काचांतून आरपार वायपरकडे बघत गाडी चालवायचा. (मीसुद्धा. मी तर काउन्सिलचा कारकून, वाहतुकीचे नियम माझ्याच खिडकीवर टांगलेले आहेत.)

हॉर्नचा तर उपयोगच होता. (स्टिअरिंगवरचं त्याचं बटण कधीच बंद पडलं होतं, वाजायचा तो ब्रेकनेच.) ऑड्री रोज दुपारी गावातल्या म्हाताऱ्यांना घरपोच जेवण देते. मटण, बटाटे आणि मोठ्या पातेल्यात भोपळ्याचं सूप. गाडी दारात थांबली की ‘पीं’, आणि पीं झालं की म्हातारी माणसं ताट घेऊन फाटकाशी हजर. ठार बहिरे मिस्टर अ‍ॅब्लेटसुद्धा यायचे, कारण त्यांच्या कुत्र्याला ऐकू यायचं.

गाडीची दरवर्षी सरकारी तपासणी असते. ती इतकी वर्षं सेस नावाचा म्हातारा गॅरेजवाला करायचा. तो गाडीत बसायचा, इंडिकेटर द्यायचा, वायपर हलले की म्हणायचा, “वळतेय ना? मग झालं तर,” आणि शिक्का मारायचा. यंदा सेस निवृत्त होऊन समुद्राकाठी राहायला गेला आणि त्याच्या जागी टीगन नावाची तरुण बाई आली. तिने गाडीत बसून इंडिकेटर दिला, वायपरकडे बघितलं, मग आकाशाकडे बघितलं, आणि खाली उतरली.

“बुधवारपर्यंत दुरुस्त करून आणा,” ती म्हणाली. “नाहीतर ही गाडी रस्त्यावर दिसता कामा नये.”

मला वाटलं, ऑड्री रडेल. वडिलांची आठवण म्हणजे ती एवढीच. पण ऑड्रीने फक्त ओठ मुडपले आणि घरी आल्यावर शांतपणे म्हणाली, “ठीक आहे. मग गुरुवारपासून सूप तुझ्या गाडीतून जाईल, लेस्टर.”

मी खिडकीतून बाहेर उभ्या असलेल्या माझ्या गाडीकडे बघितलं.

माझ्या गाडीबद्दल सांगायला हवं. लहानशी, निळी, तीन वर्षांची. आयुष्यात एकदाच मी नवी कोरी वस्तू घेतली, ती ही. तिच्यात बिस्किट खायला बंदी आहे. धुळीच्या बुटांनी बसायला बंदी आहे. ऑड्रीची आई बसली होती तेव्हा मी सीटवर टॉवेल घातला होता (त्यावर पुढे बरंच बोलणं झालं). त्या गाडीत आता भोपळ्याचं सूप, मटणाचा रस्सा आणि मिस्टर अ‍ॅब्लेटच्या कुत्र्याची हाडं जाणार होती.

गाड्यांची वायरिंग करणारा जवळात जवळचा माणूस दोन तासांवर. त्याला फोन केला तर तो म्हणाला, “गव्हाची कापणी चालू आहे, यंत्रं दुरुस्त करताना मला मरायला फुरसत नाही. नाताळनंतर बघू.” तेव्हा रविवारी सकाळी मीच स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला.

“तू?” ऑड्रीने विचारलं. (एवढंच. पण त्या ‘तू’मध्ये मागे मी दुरुस्त केलेला टोस्टर, गीझर आणि गॅरेजचं दार हे सगळं होतं.)

आमच्याकडे बोनेट उघडलं की शेजारी येतोच. मुंग्यांना साखर कळावी तसं त्याला कळतं. क्लॅरी बिअरचा कॅन घेऊन कुंपणावरून आला, खुर्ची शोधून बसला आणि म्हणाला, “अर्थिंग.”

“काय?”

“अर्थिंग गेलंय तुझ्या गाडीचं.”

क्लॅरी सगळ्यालाच अर्थिंग म्हणतो. आमच्या टीव्हीला म्हणाला होता, पंपाला म्हणाला होता, स्वतःच्या गुडघ्यालाही म्हणतो. त्यामुळे मी लक्ष दिलं नाही. मी शास्त्रशुद्ध पद्धतीने एकेक फ्यूज काढून बघायचं ठरवलं. काढताना क्रमाने ठेवले होते. मग वारा आला.

मी फ्यूज अंदाजाने परत बसवले आणि स्टिअरिंगखालचं झाकण काढलं, तर आतून वायरींचा अख्खा गुंता माझ्या मांडीवर पडला. त्यातली एक पिवळी वायर मला संशयास्पद वाटली. तिचं टोक उघडं होतं. मी ते दुसऱ्या एका उघड्या टोकाला लावून बघितलं.

हॉर्न वाजायला लागला. या वेळी सभ्यपणे नाही. आगीच्या बंबासारखा एकसारखा वाजायला लागला.

“काढ ती वायर!” क्लॅरी ओरडला.

“कुठली?”

“आत्ता लावलीस ती!”

“सगळ्याच पिवळ्या आहेत रे!”

मी एक ओढली, तर वायपर सुरू झाले आणि काचेखाली ठेवलेला माझा चहाचा मग इंजिनवर पडला. दुसरी ओढली, तर रेडिओवर रविवारची प्रार्थना सुरू झाली. हॉर्न चालूच. शेवटी क्लॅरीने उठून बॅटरीची वायर काढली आणि सगळं गप्प झालं. आम्ही दोघांनी सुटकेचा निःश्वास टाकून वर बघितलं.

आमच्या गल्लीतली सगळी म्हातारी माणसं आपापल्या फाटकाशी ताट घेऊन उभी होती. मिसेस विंटल तर रस्ता ओलांडून आमच्या अंगणात आली होती. नव्वदीची बाई, घरातल्या गाऊनमध्येच, हातात ताट आणि चमचा.

“आज रविवारीही का गं, ऑड्री?” तिने विचारलं. “एवढा वेळ हॉर्न दिलास, म्हटलं आज पुडिंगही असणार.”

ऑड्रीने माझ्याकडे बघितलं. मग ती आत गेली आणि आमच्या जेवणासाठी ओव्हनमध्ये भाजलेली मेंढीची तंगडी बाहेर घेऊन आली. ती तंगडी गल्लीभर वाटली गेली. पुडिंगही गेलं. आम्ही दुपारी ब्रेडला लोणी लावून खाल्लं, आणि क्लॅरीनेही आमच्यातच बसून खाल्लं.

जेवणानंतर मी थंड डोक्याने विचारलं, “अर्थिंग म्हणजे नक्की काय रे?”

“हे बघ,” क्लॅरी म्हणाला, “वीज दिव्यापर्यंत येते, तिला परत घरी जायला वाट लागते. ती वाट बंद झाली की ती दुसऱ्याच्या घरातून जाते. आमचा भाऊ नाही का, पुढचं दार लागलं असलं की तुमच्या स्वयंपाकघरातून आमच्याकडे येतो, आणि येताना तुमचा केक खातो.”

हे मला एकदम पटलं, कारण तो केक माझा होता. आम्ही दोघं आडवे होऊन आत शिरलो आणि शोधलं. एका कोपऱ्यात सगळ्या काळ्या वायरी एकाच बोल्टला आणून बांधलेल्या होत्या, आणि त्या बोल्टवर इतका गंज चढला होता की बोटाने खरवडला तरी पापुद्रे पडत होते. मी तो पॉलिश पेपरने घासला, वायरींची टोकं घासली, बोल्ट करकचून आवळला. बॅटरी जोडली. इंडिकेटर दिला.

मागचा डावा दिवा लागला. विझला. लागला. विझला.

आता खरं सांगायचं तर माझे डोळे भरून आले. वायपर हलले नाहीत. ब्रेक दाबला तर मागे लाल दिवे लागले आणि हॉर्न गप्प. मी ऑड्रीला बाहेर बोलावून दाखवलं, क्लॅरीला दोनदा दाखवलं, आणि संध्याकाळी कुणी नसताना एकट्याने पुन्हा बघितलं. लग्न झाल्यापासून मी केलेली ही पहिली दुरुस्ती होती जी दुरुस्त झाली.

सोमवारी मिसेस विंटल काउन्सिलमध्ये माझ्या खिडकीवर आली. “तुझी बायको शिष्ट झालीय,” ती म्हणाली. “काल पोटभर वाढलं, आज साधा हॉर्नसुद्धा देईना. मी खिडकीत बसून वाट बघतेय, आणि ही बया दार ठोकून वर विचारते, झोपलात का?”

संध्याकाळी ऑड्री घरी आली ती पाय दुखत असलेली आणि चिडलेली. “प्रत्येकाचं दार ठोकावं लागतं मला. सूप निम्म्या लोकांना गार मिळालं. मिस्टर अ‍ॅब्लेटचा तर कुत्राही उठला नाही. पूर्वी होतं तसं करून दे.”

“बुधवारची तपासणी होऊ दे,” मी म्हणालो, “मग पाहिजे तर हॉर्नला वेगळं बटण बसवून देतो.”

“नको,” ती घाईघाईने म्हणाली. “तू काही बसवू नकोस.”

बुधवारी गाडी टीगनच्या गॅरेजमध्ये ठेवायची होती, म्हणून ऑड्री पुढे तिच्या गाडीत आणि तिला परत आणायला मी मागे माझ्या निळ्या गाडीत, असे आम्ही निघालो. मुख्य रस्ता सरळ आहे, गॅरेज डाव्या हाताला. ऑड्रीने नियमाप्रमाणे बरंच आधी इंडिकेटर दिला.

दिवा लागला. काय सुंदर लागला! घड्याळासारखा ठेक्यात, भर उन्हात दिसेल असा. मग लाल दिवेही लागले. मला क्लॅरी आठवला, बोल्ट आठवला, ऑड्रीचा तो ‘तू’ आठवला, आणि माझी छाती फुगली. त्या दिव्यांचा काही अर्थ असतो, पुढची गाडी थांबत आणि वळत असते, हे डोक्यात आलंच नाही. डोकं बिचारं सवयीने वायपरची वाट बघत होतं.

आवाज मोठा झाला. ऑड्रीच्या गाडीला जुन्या काळचा जाड लोखंडी बंपर आहे. त्याला फक्त माझ्या गाडीचा निळा रंग लागला. माझ्या गाडीचं नाक मात्र पार आत गेलं आणि खालून हिरवं पाणी वाहायला लागलं.

ऑड्री उतरून धावत आली. मला काही लागलं नाही हे बघितलं, आणि मग एक शब्द म्हणाली जो ती सहसा मेंढ्यांना म्हणते. गॅरेजमधून टीगन आली. समोरच्या चौकीतून हवालदार डॉकर्टी आला. भला माणूस. त्याने मला बाजूला घेतलं.

“हे बघ लेस्टर,” तो हळू आवाजात म्हणाला, “ही गाडी अख्ख्या गावाला माहीत आहे. दिवा लागला नसेल तर तसं सांग. मी तसं नोंदवतो. मग सगळी चूक तुझी धरणार नाहीत, विम्याचे पैसे मिळतील.”

टीगन चार पावलांवर तपासणीचा कागद घेऊन उभी होती. दिवा लागला नाही म्हटलं की माझी गाडी वाचत होती आणि ऑड्रीच्या वडिलांची गाडी भंगारात जात होती. ऑड्री माझ्याकडे बघत नव्हती. ती गाडीच्या छतावर हात ठेवून उभी होती, गाईच्या पाठीवर ठेवावा तसा.

“दिवा लागत होता,” मी म्हणालो.

“नक्की?”

“नक्की. मीच दुरुस्त केलाय तो.”

“मग तुला दिसला कसा नाही?”

“दिसला ना. मी दुसरीकडे कुठे बघतच नव्हतो.”

डॉकर्टीने टोपी काढून डोकं खाजवलं आणि ते तसंच्या तसं लिहून घेतलं. टीगनने ऑड्रीच्या गाडीचे दिवे एकदा तपासले आणि शिक्का मारला. ऑड्रीने येऊन सगळ्यांच्या देखत माझ्या गालाचा मुका घेतला, जे आमच्या गावात नवऱ्याच्या अंत्ययात्रेतसुद्धा करत नाहीत.

विमा कंपनीने डॉकर्टीने लिहिलेलं वाचलं आणि एक पैसा दिला नाही. निळी गाडी क्लॅरीच्या अंगणात ताडपत्रीखाली आहे. तिचंही अर्थिंग गेलंय असं तो म्हणतो. जेवायच्या सुट्टीत ऑड्री मला काउन्सिलमधून घेते आणि आम्ही दोघं डबे वाटतो. आता दारोदार उतरून ठोकायचं काम माझ्याकडे आहे. पुढच्या सीटवर मी बसतो आणि सुपाचं पातेलं माझ्या मांडीवर असतं, कारण ऑड्री म्हणते, मागच्या सीटवर ठेवलं तर गाडीला वास लागतो.