रोखीचा माणूस

मर्ल बॉमगार्टच्या पिकअपचा गिअरबॉक्स रविवारी चर्चहून परतताना बसला, आणि बसला तो नेमका जावयाच्या दारासमोर. मर्लला ही जागा मुळीच पसंत पडली नाही. मेकॅनिकनं दुरुस्तीचा सांगितलेला आकडा गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होता, म्हणजे नवी गाडी घेणं आलं. आणि तोवर कुठंही जायचं तर जावयाच्या गाडीतून जाणं आलं. जावई ट्रॉय. त्याची गाडी हप्त्यांवर होती, बोट हप्त्यांवर होती, घर तर होतंच, पण अंगणातलं गवत कापायचं यंत्रसुद्धा हप्त्यांवर होतं. जो माणूस गवतही उसन्या पात्यानं कापतो त्याच्याबद्दल आणखी काही बोलायची गरज नाही, असं मर्लचं मत होतं. तरी तो बोलत असे. दर रविवारी जेवताना, बटाटे वाढून घेता घेता.

ओहायोच्या त्या कोपऱ्यात मर्लनं जन्मभर बोअर मारायचा धंदा केला. यंत्र रोखीनं घेतलं, घर रोखीनं बांधलं, मुलीचं लग्न रोखीनं लावलं. क्रेडिट कार्डाला त्यानं कधी हात लावला नव्हता. गावातल्या माणसांचे त्याच्या लेखी दोनच प्रकार होते: स्वतःचे आणि बँकेचे. पहिल्या प्रकारात तो धरून मोजकेच होते, आणि त्यातलेही बरेच आता वारले होते.

"मी जाणार, पैसे टेबलावर ठेवणार आणि गाडी घेऊन येणार," त्यानं बायकोला सांगितलं. "रोकड दिसली की त्या विक्रेत्याची जीभ कशी लोण्यासारखी होते बघ."

"बघते," आर्डिस म्हणाली. इतक्या वर्षांच्या संसारात ती बहुतेक गोष्टी नुसत्या बघतच आली होती.

पैसे काढायला गेला तिथंच पहिली ठेच लागली. बँकेतल्या मुलीनं आकडा वाचला, आवाज खाली आणला आणि विचारलं, कुणाचा फोन आला होता का, तुमचा नातू तुरुंगात आहे, ताबडतोब पैसे पाठवा म्हणून? मर्लनं सांगितलं की नातू शाळेत आहे आणि तिथं तो तुरुंगातल्यासारखाच असतो, पण त्याला पैसे लागत नाहीत. मग तिनं आणखी हळू आवाजात विचारलं की इंटरनेटवर एखाद्या बाईशी ओळख झालीय का. मागं उभ्या असलेल्या ट्रॉयला खोकल्याची उबळ आली. अखेर मॅनेजरला बाहेर यावं लागलं, आणि सोबत आलेल्या आर्डिसला त्याच्यापुढं कबुलीजबाब द्यावा लागला. "तो स्वतःच्या मर्जीनंच खर्च करतोय," ती म्हणाली. "मलाही खरं वाटत नाही, पण तसंच आहे."

शोरूममधल्या विक्रेत्याचं नाव ब्रेंट. मर्ल खुर्चीत टेकायच्या आतच तो त्याला नावानं हाक मारू लागला होता. जाहिरातीतली निळी गाडी दाखवून झाली, चालवून झाली, किंमत ठरली. मग मर्लनं जाडजूड पाकीट टेबलावर ठेवलं आणि समोरच्या चेहऱ्यावरचा उजेड बघायला मागं रेलून बसला. उजेड पडला नाही. उलट असलेला गेला.

"कर्ज नाही घेणार तुम्ही?" ब्रेंटनं विचारलं.

मर्लनं अभिमानानं मान हलवली. ब्रेंटनं उसासा टाकून समजावलं की जाहिरातीतली किंमत कंपनीच्याच कर्जावर गाडी घेणाऱ्यांसाठी आहे. रोखीनं घ्यायची तर दोन हजार डॉलर जास्त पडतील. शिवाय एवढी रोकड घेतली की सरकारला कळवावं लागतं, ते वेगळंच.

"म्हणजे," मर्ल एकेक शब्द चावून बोलला, "माझ्याकडं पैसे नसते तर गाडी स्वस्त पडली असती. आहेत, म्हणून महाग."

"अगदी बरोबर," ब्रेंट म्हणाला. आपलं म्हणणं इतकं नेमकं कुणीतरी मांडल्याचा त्याला आनंद झाला.

मर्ल ताडकन उठला. त्यानं ट्रॉयला आणखी दोन शोरूम हिंडायला लावलं. दोन्हीकडं तेच, फक्त एकीकडं पॉपकॉर्न फुकट होते. परतीच्या वाटेवर आर्डिस मागच्या सीटवरून म्हणाली, "कर्ज घे आणि पुढच्या महिन्यात फेडून टाक. दोन हजार वाचतील. दोन हजारांत मी बहिणीकडं फ्लोरिडाला तीनदा जाऊन येईन."

मर्ल बराच वेळ खिडकीबाहेर मक्याची शेतं बघत बसला. तत्त्व एका बाजूला होतं आणि दोन हजार दुसऱ्या बाजूला, आणि शेतं संपायच्या आत निकाल लागला. हे काही कर्ज नव्हे, असं त्यानं दोघांनाही बजावलं. हे त्या कंपनीला चुना लावणं आहे. ट्रॉयनं गाडी वळवली.

ब्रेंटनं नाव-गाव भरून कळ दाबली, पडद्याकडं पाहिलं, पुन्हा दाबली. मग माणसाची पत मोजणारा आकडा, क्रेडिट स्कोअर, म्हणून एक भानगड असते ती त्यानं सांगितली. माणूस कर्ज किती इमानानं फेडतो त्यावर तो ठरतो.

"माझा किती?"

"तुमचा नाहीये."

"शून्य म्हणजे?"

"शून्यसुद्धा नाही. कॉम्प्युटरच्या हिशेबी तुम्ही नाहीच आहात." ब्रेंट अवघडून पुढं झुकला. "मर्ल, मनाला लावून घेऊ नका, पण मधली काही वर्षं तुम्ही... आत वगैरे होता का?"

कधी कुणाचं एक सेंट न बुडवणाऱ्या माणसाला हा प्रश्न विचारला गेला, तेव्हा त्याची बायको कमालीच्या एकाग्रतेनं टायरची जाहिरात वाचत होती. एकच मार्ग होता, ब्रेंट म्हणाला: चांगली पत असलेला कुणीतरी जामीन राहायला हवा. त्यानं ट्रॉयचं नाव घातलं आणि शीळ घातली. साडेआठशेपैकी आठशे अकरा. ब्रेंटनं उभं राहून ट्रॉयशी हात मिळवला, त्याला कॉफी हवी का विचारलं. मर्लला विचारलं नाही.

"राहतो मी जामीन," ट्रॉय म्हणाला. "पण कशाला, ते तुम्ही तोंडानं सांगा."

"गाडीला."

"गाडीला जामीन लागत नाही, मर्ल."

मर्लनं फरशीकडं पाहिलं. "कर्जाला," तो म्हणाला. ट्रॉयनं सही केली. ती त्याला इतकी सफाईनं येत होती की बघत राहावं.

सवलत टिकवायची तर सहा महिने कर्ज ठेवावं लागेल, हे ब्रेंटनं सह्या झाल्यावर सांगितलं. मर्लनं संतापानं पैसे परत बँकेत नेऊन भरले. खिडकीतल्या मुलीनं त्याचा हात थोपटला. "बरं झालं, काका, वेळेवर सावध झालात," ती म्हणाली. "किती जणांना नाही जमत."

सहा महिने मर्ल दर हप्त्याला दात ओठ खात राहिला. सातव्या महिन्यात उरलेलं सगळं एका दमात फेडायच्या तयारीनं तो शोरूमवर गेला. तिथं ब्रेंटनं सांगितलं की अभिनंदन, तुमचा आकडा निघालाय. सहाशे चाळीस.

"म्हणजे कसा?"

"ठीकठाक."

मर्लला आजवर लोक हट्टी म्हणाले होते, कंजूष म्हणाले होते. ठीकठाक कुणी म्हणालं नव्हतं. वाढतो कसा, त्यानं विचारलं. हप्ते वेळेवर भरत राहा, ब्रेंट म्हणाला. एकदम फेडलं तर तो उलट थोडा घसरतोही. ट्रॉयचे आठशे अकरा मर्लच्या डोळ्यांपुढं उभे राहिले. तो पैसे न भरताच घरी आला.

त्या शरदात बॉमगार्टांच्या घरात दोन कार्डं आली. मग हप्त्यांवर कपडे धुण्याचं यंत्र आलं, कारण वेगवेगळ्या जातीची कर्जं असली की आकडा खुलतो असं त्याच्या वाचनात आलं. रोकड बँकेत पडून राहिली, आणि वाचलेले दोन हजार व्याजापायी केव्हा गळून गेले ते त्याला कळलंही नाही. आर्डिसला कळलं. ती नवं कार्ड घेऊन फ्लोरिडाला बहिणीकडं राहायला गेली आणि तिथून तिनं फोन केला की मी तुझ्या आकड्याला मदत करतेय.

वसंतात चर्चच्या जेवणात नव्या पाद्रीबाबांनी, आपली जुनी व्हॅन विकून दुसरी घेतली आणि देवाच्या कृपेनं सगळे पैसे रोख मोजले, असं भीत भीत पण कौतुकानं सांगितलं. टेबलाभोवतीच्यांनी माना डोलावल्या. मर्लनं काटा खाली ठेवला आणि त्या सज्जन माणसाला आपादमस्तक न्याहाळलं. नजरेत करुणा होती, पण फार नाही.

"रोखच द्यावे लागले असतील," तो हलकेच म्हणाला. "तुम्हाला कर्ज कोण देणार?"